केमिस्ट्रीच्या पेपरनंतर रिक्षात जुळवलेली उत्तरं : अकरा गुण खरंच गेले का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. लेक बारावी सायन्सला आहे आणि आज बोर्डाचा केमिस्ट्रीचा पेपर झाला. केंद्राच्या फाटकातून ती हसत बाहेर आली. परत येताना रिक्षात मैत्रिणींबरोबर उत्तरं जुळवली, तेव्हा पाच ठिकाणी हिचं उत्तर बाकी तिघींपेक्षा वेगळं निघालं. घरी पोचेपर्यंत तिने स्वतःच हिशोब मांडला, "अकरा गुण गेले." आता ती जेवत नाही, परवा गणिताचा पेपर असून वही उघडत नाही आणि फोनवर ग्रुपचे मेसेज थांबत नाहीत. अकरा गुण खरंच गेले का, फोन काढून घेऊ का आणि पुढे काय करू, असं तुम्ही विचारलं आहे.

मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. त्यातली बरीच वर्षं बोर्डाचे पेपर तपासले आणि काही वर्षं मॉडरेटर म्हणून इतरांनी तपासलेले गठ्ठेही पाहिले. आधी गुणांचंच सांगते. तिच्या डोक्यात आत्ता तेवढंच आहे, ते मोकळं झाल्याशिवाय दुसरं काही आत जाणार नाही.

तुम्ही लिहिलेले पाच प्रश्न आणि तिची उत्तरं पाहून माझा अंदाज अडीच गुणांच्या नुकसानीचा आहे. पाचपैकी दोन उत्तरं पूर्ण बरोबर आहेत, आणि त्यातल्या एकात बाकी तिघींचं चुकलं आहे.

आता एकेक बघू. तुम्ही कॉमर्सच्या आहात असं लिहिलंय, म्हणून जरा सावकाश सांगते. तिला समजावताना तुम्हालाही आधार हवा.

पहिला प्रश्न तीन गुणांचा. फर्स्ट ऑर्डर रिअॅक्शन, ५० मिनिटांत ४० टक्के पदार्थ विघटित होतो, रेट कॉन्स्टंट, म्हणजे रिअॅक्शनचा वेग सांगणारा आकडा, काढा. तिघींचं उत्तर ०.०१०२ आणि हिचं ०.०००१७. रिक्षात एवढंच ऐकू आलं आणि हिचा चेहरा पडला. तुम्ही तिला युनिट विचारलंत हे फार बरं केलंत. तिघींनी 'प्रति मिनिट' लिहिलं होतं, हिने 'प्रति सेकंद'. हिने आधी ५० मिनिटांचे ३,००० सेकंद केले आणि मग सूत्रात घातले. ०.०१०२ ला ६० ने भागा, ०.०००१७ येतं. एक किलोमीटर आणि हजार मीटर यांत जेवढा फरक, तेवढाच इथे. प्रश्नात कोणतं युनिट हवं ते सांगितलं नसेल तर दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण. युनिट न लिहिता नुसता आकडा सोडला असता तर मात्र गुण कापला गेला असता. तिने लिहिलंय, प्रश्न मिटला.

याच प्रश्नावर ग्रुपवर आणखी एक वाद चाललाय म्हणता, ०.०१०२ की ०.०१०२२. तो वादच नाही. बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगटेबल वापरावं लागतं. १०० भागिले ६० हे १.६६७ धरून लॉग पाहिला तर ०.२२१९ मिळतो, आणि १०० च्या लॉगमधून, म्हणजे २ मधून, ६० चा लॉग १.७७८२ वजा केला तर ०.२२१८ मिळतो. शेवटच्या आकड्यात असा फरक पडणारच, तपासणाऱ्याला ते माहीत असतं. मुलं मात्र चौथ्या दशांश स्थळावरून रात्र जागतात.

इथे खरी चूक कुठे होते तेही सांगते, कारण ती दरवर्षी ढिगाने दिसते. ४० टक्के विघटित झालं म्हणजे उरलं ६०. घाईत मुलं खाली ६० ऐवजी ४० घालतात आणि उत्तर ०.०१८३ येतं. ते चुकलंय हे कुणालाही न विचारता कळू शकतं. या किमतीवरून हाफ लाइफ काढलं तर सुमारे ३८ मिनिटं येतं, म्हणजे निम्मा पदार्थ ३८ मिनिटांत संपला. पण प्रश्नच सांगतो की ५० मिनिटं झाली तरी ४० टक्केच संपलाय. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. बरोबर किमतीवरून हाफ लाइफ सुमारे ६७.८ मिनिटं येतं आणि ते प्रश्नाशी जुळतं. मी मुलांना सांगते की शेजारच्या उत्तराशी ताडण्याआधी आपलं उत्तर प्रश्नाशीच ताडून बघा.

दुसरा प्रश्न तुम्ही सगळ्यात शेवटी आणि घाबरत लिहिलाय, आणि तोच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. झिंक आणि कॉपरचा सेल. झिंक आयनांचं कॉन्सन्ट्रेशन ०.१, कॉपर आयनांचं ०.०१, स्टँडर्ड पोटेन्शियल १.१० व्होल्ट, सेल पोटेन्शियल काढा. हिचं उत्तर १.०७, तिघींचं १.१२९६. तिघींपैकी एक कॉलेजमध्ये पहिली येते, त्यामुळे "आपलंच चुकलं" हे हिने रिक्षातच मान्य करून टाकलं.

ताई, हिचंच बरोबर आहे. सेल पोटेन्शियल काढायचं जे नर्न्स्टचं सूत्र आहे, त्यात लॉगच्या आत वर तयार होणारे आयन येतात आणि खाली खर्च होणारे. या सेलमध्ये झिंक विरघळतं आणि कॉपर बसतं, म्हणून वर झिंकचे ०.१ आणि खाली कॉपरचे ०.०१. भागाकार १०, त्याचा लॉग १. मग १.१० मधून ०.०५९२ चा निम्मा, म्हणजे ०.०२९६ वजा करायचा. उत्तर १.०७०४ व्होल्ट. तिघींनी भागाकार उलटा केला, वजाऐवजी अधिक झालं आणि १.१२९६ आलं. सूत्र न आठवताही हे पडताळता येतं. तयार होणारा पदार्थ आधीच जास्त आहे आणि खर्च होणारा कमी, मग सेलचा जोर घटेल की वाढेल? घटेल. म्हणजे उत्तर १.१० पेक्षा कमीच हवं. तिघींचं जास्त आहे.

तिघी एकाच क्लासला जातात असंही तुम्ही लिहिलंय. तीन उत्तरं जुळली तेव्हा ती तीन स्वतंत्र मतं असतील असं नाही. एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने पाठ केलेली पायरी तिघींकडून एकाच ठिकाणी उलटी झाली असेल, हे मी अनेकदा पाहिलंय. एका वर्गातल्या पंधरा-वीस उत्तरपत्रिकांत तीच चूक, जराही खाडाखोड न करता, पूर्ण आत्मविश्वासाने लिहिलेली सापडते. बाहेर आल्यावर ही पंधरा-वीस मुलं एकमेकांत उत्तर जुळल्याच्या आनंदात असतात आणि ज्या एकाचं बरोबर असतं तो गप्प उभा असतो. फाटकाबाहेरच्या या जुळवाजुळवीवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. तिथे उत्तराचा खरेपणा मोजला जात नाही, आवाज कुणाचा खात्रीचा आहे तेवढंच मोजलं जातं.

आता जिथे गुण गेलेत ते प्रश्न.

०.१ मोलल सोडियम क्लोराइडच्या द्रावणाचा गोठणबिंदू, मीठ पूर्ण विघटित होतं असं धरून. हिने पाण्यासाठी ठरलेल्या १.८६ या स्थिरांकाला ०.१ ने गुणून उणे ०.१८६ अंश लिहिलं. बरोबर उत्तर उणे ०.३७२. मीठ पाण्यात गेलं की एका कणाचे दोन होतात, सोडियमचा एक आणि क्लोराइडचा एक, आणि गोठणबिंदू किती खाली जाणार ते कणांच्या संख्येवर ठरतं. म्हणून २ ने गुणायचं, तोच व्हँट हॉफ फॅक्टर. पॉटच्या आइस्क्रीमला बर्फात खडेमीठ घालतो ते याच कारणाने. दोन गुणांच्या प्रश्नात पायऱ्यांचं काही तरी मिळेल, पण सूत्रातच फॅक्टर नाही म्हणून एक गुण गेला असं धरा. आणखी एका मैत्रिणीने २७२.७८ केल्विन लिहिलं म्हणून तिघी तिला हसल्या म्हणता. तिला सांगा, तिचं अगदी बरोबर आहे. २७३.१५ मधून ०.३७२ वजा केले की तेवढेच येतात.

वायूचं आकारमान २ वरून ५ घन डेसिमीटर झालं, बाहेरचा दाब १ बार, कार्य किती? हिने ३०० ज्यूल लिहिलं, मैत्रिणींनी उणे ३००. उणेच हवं, कारण प्रसरण पावताना वायू स्वतःची ऊर्जा खर्च करून बाहेर ढकलतो आणि आपल्या पद्धतीत ते उणे धरलं जातं. पण तुम्हीच लिहिलंय की सूत्रात तिने वजा चिन्ह घातलं होतं, शेवटच्या ओळीत राहिलं. मग सूत्राचे आणि किमती भरण्याचे गुण कुठे जात नाहीत. माझ्या अनुभवात इथे अर्धा गुण जातो.

आणि एका गुणाचा तो प्रश्न, २-ब्रोमोब्यूटेनवर अल्कोहोलिक पोटॅशियम हायड्रॉक्साइड. हिने ब्यूटेन-२-ऑल लिहिलं. ते जलीय हायड्रॉक्साइडबरोबर मिळतं. अल्कोहोलिक असेल तर हायड्रोजन आणि ब्रोमीन दोन्ही निघून जातात आणि मुख्यतः ब्यूट-२-ईन तयार होतं, हा सेटझेफचा नियम. हा गुण पूर्ण गेला. बहुतेक तिला रिअॅक्शन येत होती, शब्द वाचायचा राहिला. पेपर इंग्रजीत, दोन्ही शब्द ए अक्षराने सुरू होणारे आणि संक्षेपात छापलेले; माझ्या वर्गातल्या चांगल्या चांगल्या मुलांचा गुण इथे जातो. (दोन मैत्रिणी ब्यूट-२-ईन की २-ब्यूटीन यावर भांडत होत्या ना? पदार्थ एकच आहे.)

म्हणजे एक, अर्धा आणि एक. अडीच. लेखी पेपर ७० गुणांचा असतो, आणि ३० गुणांचं प्रात्यक्षिक लेखी परीक्षेआधीच होऊन गेलंय. अडीच गुणांनी तिचं काही बिघडत नाही. माझा हा अंदाज तुम्ही सांगितलेल्या उत्तरांवरून आहे, तिची उत्तरपत्रिका मी पाहिलेली नाही. पण अकराचा आकडा कुठून आला ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. जिथे उत्तर वेगळं, तिथे तिने त्या प्रश्नाचे सगळे गुण शून्य धरले. तीन, तीन, दोन, दोन आणि एक. मुलं फाटकाबाहेर शेवटची ओळ जुळवतात. तपासणारा मात्र पहिल्या ओळीपासून वाचतो. पेपर झाला की प्रत्येक विषयाची आदर्श उत्तरपत्रिका ठरते, कोणत्या पायरीला किती गुण ते त्यात लिहिलेलं असतं आणि परीक्षकाला त्याप्रमाणेच द्यावे लागतात. सूत्र लिहिलं, किमती नीट भरल्या, पुढे लॉगमध्ये गडबड झाली, तरी आधीच्या पायऱ्यांचे गुण हातात राहतात. रिक्षात कुणी कुणाला विचारत नाही की "तू सूत्र लिहिलंस का?"

ज्या गोष्टींनी खरोखर गुण जातात त्यांवर त्या गप्पांत कधीच बोलणं होत नाही. बहुपर्यायी प्रश्नाला नुसतं अक्षर लिहून चालत नाही, अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहावं लागतं, तसं न केल्यास गुण नाही, हे पेपरच्या पहिल्या पानावर छापलेलं असतं. पहिल्यांदा लिहिलेलंच उत्तर ग्राह्य, हेही तिथेच असतं. कारण लिहायच्या प्रश्नात "फिनॉल आम्लधर्मी असतो कारण तो हायड्रोजन देतो" एवढ्यावर थांबलेली मुलं बाहेर येऊन "तो प्रश्न मस्त गेला" म्हणतात. फिनॉक्साइड आयनाला रेझोनन्समुळे स्थैर्य मिळतं हे वाक्यच त्यांनी लिहिलेलं नसतं. अमाइन (amine) आणि लिगँड म्हणून येणारा अमीन (ammine) यांच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक जादा एम कुणाला आठवत नाही. शिवाय दोन गुणांच्या १२ प्रश्नांतले कोणतेही ८, तीन गुणांच्या १२ तले ८ आणि चार गुणांच्या ५ तले ३ सोडवायचे असतात. म्हणजे मैत्रिणीने सोडवलेले आणि हिने सोडवलेले प्रश्नही सगळे तेच नाहीत. या गप्पांत जे जुळतं आणि जे जुळत नाही, त्यावरून निकालाचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट माझ्याकडूनही घडलेली आहे, ती सांगायला हवी. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत केमिस्ट्रीचा पेपर सुटला की मी केंद्राबाहेर उभी राहायची. मुलं गराडा घालायची, "मॅडम, हे सांगा, ते सांगा." मला वाटायचं, आपण त्यांना आधार देतोय. एका वर्षी असंच उभ्या उभ्या एका गणिताचं उत्तर सांगितलं. प्रश्नात डेन्सिटी विचारली होती, युनिट सेल फेस-सेंटर्ड होती, आणि मी घाईत बॉडी-सेंटर्ड वाचून चार अणूंऐवजी दोन धरले. माझ्या तोंडून निम्मं उत्तर निघालं. बरोबर सोडवलेल्या चार-पाच मुलांचे चेहरे उतरलेले मी पाहिले, पण आपलंच चुकलंय हे मला घरी जाऊन प्रश्नपत्रिका नीट वाचल्यावर कळलं. तेव्हा मोबाइल नव्हते, त्यांना कळवायला मार्ग नव्हता. त्यांतला एक मुलगा दोन दिवस जेवला नाही आणि गणिताच्या पेपरला अर्ध्या वेळेत उठून गेला, हे मला त्याच्या वडिलांकडून समजलं. निकाल लागला तेव्हा केमिस्ट्रीत त्याला उत्तम गुण होते आणि गणितात जेमतेम. त्याला इंजिनिअरिंगला जायचं होतं. त्यानंतर आजतागायत शेवटचा पेपर होईपर्यंत मी कुणाला एकही उत्तर सांगितलेलं नाही. मुलं रागावतात, पालक फोन करतात, तरी नाही. तुम्हाला आज सांगितलं, कारण तुमच्या घरी चुकीची उत्तरं आधीच येऊन बसली आहेत आणि ती बाहेर काढणं गरजेचं आहे.

आता तर पेपर सुटून तास होत नाही तोच क्लासवाल्यांची 'आन्सर की' फोनवर येते. तीही कुणीतरी माझ्यासारखीच उभ्या उभ्या घाईत केलेली असते. दोन क्लासच्या दोन की शेजारी ठेवून पाहा, कुठे ना कुठे वेगळ्या निघतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. फोन काढून घेऊ का? हिसकावून घेऊ नका. बाहेर काय चाललंय ते कळत नाही म्हटल्यावर ती जास्त घाबरेल, आणि आपल्याला शिक्षा झाली असंही तिला वाटेल. तीन तास एकटीने लिहून बाहेर आल्यावर कुणाशी तरी बोलावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. आम्हीही बोलायचो, फरक एवढाच की घरी पोचलं की ते संपायचं. रात्री अकराला पुन्हा सुरू होत नव्हतं. म्हणून तिच्याशी बोलून ठरवा की गणित आणि बायोलॉजी होईपर्यंत तो एक ग्रुप म्यूट राहील. बाकी फोन तिच्याकडे राहू दे. केमिस्ट्रीची प्रश्नपत्रिका तिच्याकडून मागून घ्या, तिच्यासमोर पाकिटात घाला, वर तारीख लिहा आणि कपाटात ठेवा. टेबलावर दिसत राहिली तर ती दर अर्ध्या तासाने उलगडणार.

आणि कृपा करून "जाऊ दे, विसर आता, काही होत नाही" असं म्हणू नका. विसरता येत असतं तर ती केव्हाच विसरली असती. तिच्या मनात एक आकडा बसलाय, त्याच्या जागी दुसरा आकडा द्यावा लागेल. जेवायच्या आधी, एकदाच, शांतपणे सांगा. युनिटचं उत्तर बरोबर आहे. सेलचं तुझंच बरोबर आहे, १.१० पेक्षा कमीच यायला हवं. बाकीच्यांत मिळून अडीच गेले. ती "पण तिने तर..." म्हणून वाद घालेल. सेलचा तो साधा तर्क तिच्यापुढे ठेवा, सूत्र नको. केमिस्ट्री येणारी मुलगी आहे, अर्ध्या मिनिटात तिला पटेल. तेवढं झालं की त्या पेपरवर बोलणं बंद, तुमचंही. वडिलांना आणि फोन करणाऱ्या मामा-मावशीला आधीच सांगून ठेवा की "पेपर कसा गेला" हे विचारायचं नाही, "जेवलीस का" एवढंच विचारायचं.

उद्याचा दिवस गणिताला पूर्ण मिळाला पाहिजे. सकाळी सुरुवात तिला हमखास येणाऱ्या धड्याने करू द्या, दोन-चार गणितं हातून सुटली की हात पुन्हा चालू लागतो. नवीन काही उघडायचं नाही.

सगळे पेपर संपल्यावर मात्र उत्तरं जरूर जुळवायची, आणि नीट बसून जुळवायची. माझ्या विद्यार्थ्यांना मी शेवटच्या पेपरनंतर दोन-तीन दिवसांनी बोलावते. प्रत्येकाकडे प्रश्नपत्रिका, कोरे कागद, बालभारतीचं पुस्तक आणि लॉगटेबल. नियम एकच ठेवलाय. आपलं उत्तर आधी सांगायचं नाही, मी सुरुवात कशी केली ते सांगायचं. एकजण फळ्यावर उलगडतो, बाकीचे थांबवून विचारतात, "हे खाली का घेतलंस?" उत्तर वेगळं आलं तर कोणत्या ओळीपासून वाटा फुटल्या ते शोधायचं. त्या दोन तासांत मुलांना जेवढं समजतं तेवढं मी वर्षभर ओरडून समजावू शकलेली नाही, कारण तो प्रश्न त्यांनी स्वतः जीव तोडून सोडवलेला असतो. तुमच्या लेकीने आणि त्या तिघींनी असं एकदा बसावं. सेलच्या प्रश्नावर ती तिघींना शिकवेल आणि मिठाच्या प्रश्नावर त्या तिला.

याचा फायदा पुढे लगेच होतो. एमएचटी-सीईटीला केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण, फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून ९० मिनिटं. अभ्यासक्रम मुख्यतः बारावीचाच. निगेटिव्ह मार्किंग नाही, पण पायऱ्यांचे गुणही नाहीत. बोर्डात वजा चिन्ह सुटल्याने तिचा अर्धा गुण गेला. सीईटीत पर्यायांमध्ये ३०० आणि उणे ३०० दोन्ही असतील आणि चुकीच्या पर्यायावर क्लिक केलं की पूर्ण गुण जाईल. मिनिट-सेकंदाचंही तसंच, तिथे युनिट पाहून पर्याय निवडावा लागतो. आज जिथे घसरली आणि जिथे मुलं हमखास घसरतात ते चार शब्द तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावेत, अल्कोहोलिक की जलीय, उरलं की संपलं, कण किती, चिन्ह काय. पण हे सगळं बायोलॉजीचा पेपर झाल्यावर.

ग्रुपवर कुणीतरी "एक प्रश्नच चुकीचा छापलाय, सगळ्यांना गुण मिळणार" असंही टाकलंय म्हणता. कधी कधी खरंच चूक असते. २०२३ मध्ये बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेवरच्या भागात प्रश्नाच्या जागी परीक्षकासाठीची सूचना आणि उत्तर छापलं गेलं होतं, तेव्हा बोर्डाने सहा गुण देण्याचा निर्णय घेतला. पण तो निर्णय बोर्ड विषयतज्ज्ञांशी बोलून घेतं आणि जाहीर करतं. ग्रुपवरच्या मेसेजवर आशाही धरू नका आणि चिंताही करू नका. तिने तो प्रश्न सोडवलाय ना, मग तिच्याकडून करण्यासारखं काही राहिलेलं नाही.

निकाल लागल्यावर आकडा फारच अनपेक्षित वाटला तर काय करता येतं तेही सांगून ठेवते, म्हणजे तिला वाटणार नाही की सगळं हातातून गेलं. बोर्डाकडे अर्ज करून गुणपडताळणी होते, त्यात बेरीज बरोबर आहे का आणि एखादा प्रश्न तपासायचा राहिलाय का एवढं पाहतात. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते. छायाप्रत हातात आली की ती केमिस्ट्रीच्या शिक्षकाला दाखवा, घरच्या घरी ठरवू नका. मी तरी मुलांच्या छायाप्रतीत आधी पुरवण्या पाहते, त्या सगळ्या तपासल्यात का, मग गणितांच्या पायऱ्या, आणि मगच शेवटची उत्तरं. मुदत थोडी असते, त्यामुळे निकालाच्या दिवशीच तारखा टिपून ठेवा.

एक शेवटचं. सेलच्या प्रश्नात आपलंच बरोबर होतं हे कळल्यावर तिचा चेहरा खुलेल, आणि पहिली इच्छा होईल ती ग्रुपवर टाकायची, "१.०७ च बरोबर आहे, तुमचं चुकलंय." ते तिला आज टाकू देऊ नका. ज्या मुलीवर सगळ्यांचा भरवसा आहे तिला रात्री अकरा वाजता कळेल की तिचं चुकलं, आणि तिच्या घरी आज तुमच्या घरी चाललंय तेच सुरू होईल. त्यांचाही परवा गणिताचा पेपर आहे.